आचरेकर सरांचा एक रुपया आणि गणेशपुरीच्या ताईंचा प्रश्न



या आठवड्याचा व्हिडिओ गणेशपुरीच्या कार्यशाळेतला आहे. गुरुवार होता, बाहेर कुंडांकडे जाणाऱ्या लोकांची गर्दी, त्यात रिक्षांचे हॉर्न. आवाज नीट आला नाही अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली, ती खरी आहे. शिवाय १४ मिनिटांत विषय मावला नाही. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

खरं तर त्या दिवशीचा विषय होता रोजचा खर्च कसा लिहायचा. पण चहाच्या सुट्टीत एक ताई आल्या आणि विषयच बदलला. ताईंची गणेशपुरीत वीसेक वर्षांची खानावळ आहे. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, डाळ-भात, पापड. गुरुवारी, रविवारी आणि पौर्णिमेला बसायला जागा नसते. त्या म्हणाल्या, "सर, मागच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. अठरा दिवस अंथरुणाला होते. खानावळ बंद नव्हती हां. सून होती, कामाच्या दोन बायका होत्या, सामान तेच, दुकानदार तोच. तरी गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. लोक दारात येऊन विचारायचे, आज ताई नाहीत का? आणि पुढे निघून जायचे. आता मला सांगा, खानावळ माझी आहे, की मी खानावळीची?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण हा प्रश्न माझ्या घरातला आहे.

माझे वडील भिवंडीत यंत्रमागांची दुरुस्ती करायचे. कारखान्यात पाऊल टाकलं की नुसत्या आवाजावरून सांगायचे, तिसऱ्या रांगेतला माग बिघडणार आहे. लोक रात्री दोन वाजता घरी न्यायला यायचे. पण हाताखाली एकही माणूस तयार केला नाही. कंजूषपणा नव्हता त्यात. त्यांचं प्रामाणिक मत होतं की हे हातात बसावं लागतं, शिकवता येत नाही. मोठ्या भावाने दोन वर्षं प्रयत्न केला. वडील त्याच्या हातातून पाना काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "बाजूला हो, उशीर होतोय." वडील गेले त्या महिन्यात आमच्याकडे एक पेटी अवजारं होती आणि एकही गिऱ्हाईक नव्हतं. ती पेटी अजून माळ्यावर आहे.

तर ताईंना उत्तर म्हणून मी एका क्रिकेट प्रशिक्षकाची गोष्ट सांगितली. कमेंटमध्ये एकाने लिहिलंय, "सर, खानावळीत क्रिकेट कुठून आणलंत?" सांगतो.

रमाकांत विठ्ठल आचरेकर. जन्म १९३२ चा, मूळ मालवणकडचे. नाव सगळ्यांना माहीत आहे ते सचिन तेंडुलकरमुळे. पण सरांची स्वतःची खेळाडू म्हणून कारकीर्द काय होती? मुंबईतल्या क्लबांकडून भरपूर खेळले, पण प्रथम श्रेणीचा सामना फक्त एक. स्टेट बँकेच्या संघाकडून, हैदराबादविरुद्ध, १९६३-६४ च्या मोसमात. बस. नोकरी बँकेची, आणि उरलेला सगळा वेळ दादरच्या शिवाजी पार्कवर आणि शारदाश्रम विद्यामंदिरच्या पोरांवर. शिवाजी पार्कवर त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब उभा केला. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री, २ जानेवारी २०१९ ला निधन. आता त्यांच्या शिष्यांची नावं बघा: बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर, पारस म्हांब्रे, रमेश पोवार, समीर दिघे, अमोल मुजुमदार. आणि सचिन.

इथे थांबा आणि विचार करा. स्वतः एकच मोठा सामना खेळलेला माणूस एवढं कसं शिकवू शकला? माझं मत असं आहे की जे काम आपल्याला सहज जमतं ते शिकवणं जास्त अवघड असतं. माझ्या वडिलांना मागाचा आवाज आपोआप कळायचा, म्हणून समोरच्याला का कळत नाही हेच त्यांना कळायचं नाही. शिकवणं हे वेगळं काम आहे. ते वेगळं शिकावं लागतं.

आधी पैशाची गोष्ट उरकून घेऊ, कारण तुम्ही उद्योजक व्हायला निघाला आहात आणि कोणी तरी विचारणारच की सरांनी यातून कमावलं काय. सरांचं घर बँकेच्या पगारावर चालायचं. मैदानावरचं काम त्यांनी घर चालवायचं साधन केलं नाही. याच्याशी जुळणारं एक अमेरिकेतलं उदाहरण आहे. तिथे बेसबॉल हा कॉलेजांमधला फार मोठा खेळ. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात, साउदर्न कॅलिफोर्नियात, रॉड डेडो नावाचे प्रशिक्षक होते. १९४२ ते १९८६, म्हणजे ४५ मोसम एकाच ठिकाणी. अकरा राष्ट्रीय विजेतेपदं. आणि पगार? नावापुरता, वर्षाला एक डॉलर. कारण त्यांचा स्वतःचा मालवाहतुकीचा धंदा होता, ट्रकचा, आणि तो उत्तम चालायचा. घर धंद्यावर, मैदान हौसेवर.

आता यातून "फुकट शिकवा" असा अर्थ काढू नका. मी स्वतः कार्यशाळेची फी घेतो. अर्थ एवढाच की माणूस घडायला वेळ लागतो, आणि त्या वेळात चूल पेटती राहायला दुसरी सोय लागते. तुम्ही शिवणकामाचा क्लास काढताय, ड्रायव्हिंग शिकवताय, नवीन मुलाला हाताखाली घेताय, तर पहिल्या सहा महिन्यांत तो मुलगा कमावून देईल असा हिशोब मांडू नका. तो खर्च म्हणून धरा.

आता तो प्रसिद्ध एक रुपया. सराव संपत आलेला, सचिन दमलेला. सर मधल्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो गोलंदाज याला बाद करेल, नाणं त्याचं. कोणीच बाद करू शकला नाही, तर नाणं सचिनचं. सचिनने अशी तेरा नाणी जपून ठेवली आहेत. ही गोष्ट तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी ती सचिनच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती शिकवणाऱ्याच्या अक्कलहुशारीची वाटते. त्या एका नाण्याने सर किती कामं करून घ्यायचे मोजा. फलंदाज दमलेला असतानाही लक्ष देतो. गोलंदाज जीव लावतो. आजूबाजूची पोरं घरी न जाता बघत उभी राहतात. निकाल तिथल्या तिथे सगळ्यांना दिसतो, सरांना बोलावंही लागत नाही. आणि खर्च जास्तीत जास्त एक रुपया.

तुमच्या धंद्यात असं नाणं कुठे ठेवता येईल? ताईंना मी विचारलं, भाकरी चांगली झाली हे कोण ठरवतं? म्हणाल्या, मी. मग म्हटलं, तुमच्याशिवाय कसं ठरेल? बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "टम्म फुगली आणि ताटात उरली नाही, तर चांगली." झालं की. ताटात उरलेले भाकरीचे तुकडे मोजणं हे कोणीही करू शकतं. चव जिभेवर असते, पण उरलेलं अन्न बादलीत दिसतं.

दुसरी गोष्ट सामन्यांची. सरांचा नेटमधल्या सरावापेक्षा सामन्यांवर जास्त भर. सचिन शारदाश्रममध्ये आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, ६० दिवसांच्या सुट्टीत, त्याला ५५ सराव सामने खेळायला लावले. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. शिवाजी पार्क झालं की आझाद मैदान. २०१३ मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिनने या स्कूटरची आठवण सांगितली होती.

नेटमध्ये बाद झालात तर काही होत नाही, पुढचा चेंडू येतोच. सामन्यात बाद झालात की झाडाखाली बसायचं. आता आपण काय करतो? सुनेला, भावाला, कामाच्या पोराला कधी गल्ल्यावर बसवतो? मंगळवारी दुपारी, जेव्हा दुकानात माशी नसते. गुरुवारची गर्दी आली की आपण म्हणतो, "सरक, मी बघतो." माझ्या वडिलांचं तेच, "बाजूला हो." म्हणजे आयुष्यभर नेट, सामना एकही नाही. मग अचानक टायफॉइड होतो आणि सुनेचा पहिलाच सामना वर्ल्ड कपचा.

ताईंना मी म्हटलं, महिन्यातला एक गुरुवार सुनेला द्या. पूर्ण. तुम्ही खानावळीत यायचंच नाही. त्यांचा चेहरा पडला. "नुकसान झालं तर?" होईल ना. थोडं होईलच. हिशोब मांडू. आकडे ताईंचे नाहीत, मी उदाहरणासाठी धरतोय. समजा थाळी १२० रुपयांची, खर्च ७०, हातात ५०. रोज सरासरी ६० थाळ्या. आजारपणात ३० झाल्या, म्हणजे रोजचं १,५०० चं नुकसान, अठरा दिवसांचं २७,०००. आता सुनेच्या हातून एका गुरुवारी दहा थाळ्या बिघडल्या, फेकाव्या लागल्या असं धरा. खर्च ७००. वरून त्या दहा थाळ्यांचा नफा गेला, ५००. असे वर्षाचे बारा गुरुवार धरले तरी १४,४००, आणि दर महिन्याला दहा थाळ्या बिघडणार नाहीत, तिसऱ्या महिन्यापासून कमी होतील. आता ठरवा कुठलं नुकसान परवडतं.

पण एवढ्याने भागत नाही. माझ्या मते अडचण चवीत कमी आणि मान्यतेत जास्त आहे, आणि इथे आचरेकर सरांचीच एक गोष्ट उपयोगी पडते.

फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड, शाळांची स्पर्धा. आझाद मैदानावर शारदाश्रमचा सामना सेंट झेवियर्सशी. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. विक्रम सगळ्यांना पाठ आहे. पण गंमत अशी की सर मैदानावर नव्हतेच. सहायक प्रशिक्षक होते. ते बाहेरून ओरडून सांगत होते की डाव घोषित करा, आणि दोघंही पोरं त्यांच्याकडे बघतच नव्हती! जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन झाला, त्यांनी धावसंख्या विचारली आणि हुकूम सोडला, घोषित कर. कांबळीला ३५० साठी एकच धाव हवी होती. नाही म्हणजे नाही. ७४८ वर डाव संपला. मग त्याच कांबळीने गोलंदाजीत सहा बळी घेतले.

विक्रम बाजूला ठेवा आणि मालक म्हणून ही गोष्ट बघा. मुख्य माणूस जागेवर नाही, त्याने नेमलेला माणूस आहे, आणि पोरं त्याचं ऐकत नाहीत. फोनवरचा आवाज आल्यावरच ऐकतात. ताईंच्या खानावळीत हेच झालं. सून उभी आहे, पण गिऱ्हाईक विचारतं, ताई नाहीत का? ही सुनेची चूक नाही. वीस वर्षांत ताईंनी गिऱ्हाइकासमोर एकदाही म्हटलं नव्हतं की आजचं बिरडं सुनेने केलंय. उलट, सुनेने केलेल्या बिरड्याचंही कौतुक स्वतः घेतलं. हे मी ताईंना तोंडावर सांगितलं. त्या हसल्या, पण जरा वेळाने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या ६६४ च्या दिवशी शारदाश्रमच्या तंबूत एक मुलगा पॅड बांधून बसला होता, पुढचा नंबर त्याचा. त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुजुमदार. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त धावा केल्या, पण भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. मग तो प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदारच होते.

आणखी एक बघा. जून २०२२, रणजी करंडकाचा अंतिम सामना, बंगळुरू. मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. दोघंही आचरेकर सरांचे. मध्य प्रदेश जिंकलं, त्यांचं पहिलं रणजी विजेतेपद. पंडितांनी त्याआधी विदर्भालाही दोन वेळा रणजी जिंकून दिली होती. लालचंद राजपूत २००७ च्या टी-२० विश्वविजेत्या संघाचे मॅनेजर होते, नंतर अफगाणिस्तान आणि झिम्बाब्वेला शिकवलं. आमरे, म्हांब्रे, पोवार, सगळे पुढे शिकवायला लागले. सरांनी खेळाडू घडवले हे आपण नेहमी म्हणतो. माझ्या दृष्टीने त्यांनी प्रशिक्षक घडवले हे जास्त मोठं आहे.

पण रणजीच्या त्या सामन्याची दुसरी बाजूही बघा. सरांच्या एका शिष्याने सरांच्याच मुंबईला हरवलं. तुमच्या मनात जी भीती आहे ना, "शिकवलं की समोरच दुकान टाकतात," ती खोटी नाही. टाकतात. हे तुमच्या बाबतीतही होईल. माझ्याकडे शिकलेल्या एकाने स्वतःचा चॅनल काढला आणि त्याचे सबस्क्रायबर माझ्यापेक्षा जास्त आहेत. पहिला महिना मी त्याचा फोन उचलला नाही. खोटं कशाला बोलू. नंतर त्यानेच मला दोन कंपन्यांची कामं दिली. सगळेच असे देत नाहीत, तेही सांगून ठेवतो. जाणाऱ्याला थांबवायचं असेल तर पगाराबरोबर विक्रीत थोडा वाटा द्या, आणि ते सुरुवातीलाच कागदावर लिहा. तरीही जाणारा जाईल.

आणि घरच्यांचं काय? सरांच्या शिवाजी पार्कच्या क्लबची जबाबदारी त्यांची मुलगी कल्पना मुरकर यांनी सांभाळली. शेवटची बरीच वर्षं सर आजारी होते, पण क्लब चालू राहिला. म्हणजे वारसा दोन वाटांनी गेला. जागा आणि नाव घरात राहिलं, पद्धत शिष्यांबरोबर विदर्भात, मध्य प्रदेशात, पार काबूल-हरारेपर्यंत गेली. आणि घरातला वारसा मुलीकडे गेला, क्रिकेटसारख्या तेव्हाच्या पुरुषांच्या मैदानात. आपल्याकडे "धंदा मुलगा बघेल" म्हणत पंधरा वर्षं वाट बघतात. मुलगा पुण्याला आयटीत असतो, आणि गल्ल्याचा सगळा हिशोब तोंडपाठ असलेली मुलगी घरात असते, तिला कोणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मी सरांची घेणार नाही. एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला कधी "छान खेळलास" म्हटलं नाही, हे सचिनने निरोपाच्या भाषणात हसत हसत सांगितलं. पोरगं हवेत जाऊ नये म्हणून. सामना सोडून दुसऱ्यांचा खेळ बघायला गेलेल्या सचिनला त्यांनी थप्पड मारली तीही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. ते दिवस वेगळे, ते नातं वेगळं. तुमच्याकडे १२ हजारांवर काम करणाऱ्या पोराला हे लावाल तर तो सोमवारी येणार नाही. आणि बरोबर करेल.

मग गणेशपुरीच्या ताईंनी काय केलं? त्यांनी परवा फोन केला. पहिला गुरुवार सुनेला दिला. स्वतः अंबाडीला बहिणीकडे जाऊन बसल्या. दुपारपर्यंत चार वेळा फोन केला, पाचव्या वेळी सुनेने उचललाच नाही. "सर, मला वाटलं काहीतरी मोठं झालं." झालं काही नव्हतं, गर्दी होती. बिरड्यात मीठ जरा जास्त पडलं होतं, दोन ताटं परत आली. सुनेने त्या दोघांचे पैसे घेतले नाहीत, स्वतःच ठरवून. ताई यावर चिडल्या होत्या. मी विचारलं, तुम्ही काय केलं असतंत? म्हणाल्या, "मीपण घेतले नसते. पण तिने विचारायला हवं होतं ना!"

पुढचा गुरुवार सुनेचा आहे की नाही, ते अजून ठरलेलं नाही.